तलावात इकॉर्नियाचे पाच पुंजके दिसलेत: फवारणी, गवत्या की आणखी काही?

ताई, तुमचा प्रश्न वाचल्याबरोबर लिहायला बसलो, कारण या कामात उशीर फार महाग पडतो. तुम्ही लिहिता की गोंदिया जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावात बेशरमची झुडपं तर कधीपासूनच आहेत, पण यंदा दिवाळीनंतर पाळीजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, कोपऱ्यात इकॉर्नियाचे (जलपर्णीचे) चार-पाच पुंजके दिसले. ग्रामपंचायतीत फवारणीचं बोलणं चाललंय. मच्छीमार संस्थेतले काही जण गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडू म्हणतात. आणि काहींचं म्हणणं असं की एवढ्याशानं काय होतं, उन्हाळ्यात पाणी आटलं की आपोआप मरेल. यातलं कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

तिघांचंही नका ऐकू. उद्या सकाळी डोंगा (लहान होडी) काढा आणि ते पुंजके हातानं उचलून बाहेर आणा. पुढचं सगळं सावकाश वाचलं तरी चालेल, पण एवढं या आठवड्यात कराच.

घाई का, तर हिशेब बघा. इकॉर्निया म्हणजे जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आणली गेली आणि १९३६ साली बंगालला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. खत मिळालेल्या पाण्यात ती एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. तुमच्या पुंजक्यांत सगळी मिळून पन्नास रोपं आहेत असं धरा आणि दोन आठवड्यांनी दुप्पट हा हळूचाच वेग धरा. वीस आठवड्यांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे एक्कावन्न हजार रोपं. थंडीत तिची वाढ मंदावते, म्हणून पौष-माघापर्यंत तुम्हाला विशेष फरक दिसणार नाही. फाल्गुनात ऊन वाढलं की मात्र ती सुटते. एका हेक्टरवर दाट थर झाला की त्याचं ओलं वजन दोनशे ते चारशे टनांपर्यंत जातं, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग नुसतं पाणी असतो. आज जे दोन टोपल्यांचं काम आहे, ते पुढच्या वर्षी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं होईल, आणि ट्रॉल्या पाणीच वाहत बसतील.

वैनगंगेच्या खोऱ्यातल्या तलावांवर काम करताना ही चूक माझ्याही हातून झाली आहे. एका गावात पौषात मूठभर जलपर्णी दिसली. धानाची मळणी चालू होती, लोकांना वेळ नव्हता, मीही म्हणालो की होळीनंतर बघू. जेठ लागेपर्यंत अर्धा तलाव झाकला होता. त्या वर्षी तिथल्या संस्थेला जाळं टाकायला मोकळं पाणी उरलं नाही. त्या मच्छीमारांची घरं अजून डोळ्यांसमोर आहेत, म्हणून तुम्हाला एवढं आवर्जून सांगतोय.

आता काढायचं कसं. वरून पानं धरून ओढू नका. मोठ्या, आई-रोपाला आडव्या धाग्यानं पिल्लं जोडलेली असतात; ओढलं की धागा तुटतो, पिल्लू सुटतं आणि वाऱ्यावर दुसऱ्या काठाला जातं. डोंग्यात दोघं जण बसा. एकानं पाण्याखालून हात घालून काळ्या पिसासारख्या मुळांसकट पुंजका उचलायचा, दुसऱ्यानं सुटी रोपं जुन्या बारीक जाळीत टिपायची. नखाएवढं पिल्लूही सोडू नका. वाळलेल्या फुलांचे दांडे पाण्याकडे वाकलेले दिसले तर ती जागा खुंटी ठोकून ठेवा. फूल गळल्यावर साधारण तीन आठवड्यांत बी पिकतं आणि खाली गाळात पडतं, म्हणजे त्या जागेवर पुढची कित्येक वर्षं नजर ठेवावी लागेल. काढलेला माल पाळीवर टाकू नका, पहिल्या पावसात तो परत पाण्यात येतो. जिथून पाणी तलावाकडे वाहत नाही अशा उंच, कडक उन्हाच्या जागेवर पसरा, पूर्ण वाळू द्या आणि जाळा. थोडाच आहे, खताच्या भानगडीत पडू नका. त्यानंतर दर दहा दिवसांनी सगळ्या काठानं एक फेरी, निदान होळीपर्यंत. फेरी सगळ्या काठानं म्हणतोय, कारण पुंजके जिथे दिसले तिथूनच ते आत आले असं नसतं. तरंगणारी वस्तू वाऱ्यानं कुठेही जाऊन लागते.

पुंजका उचललात की मुळं आणि पानं शेजारी धरून बघा. पाण्यात खत कमी असलं तर रोप खाली लांबच लांब मुळं सोडतं आणि पानं आखूड राहतात. पानं गुडघ्याएवढी आणि मुळं वीतभर असतील, तर तुमच्या तलावात कुठून तरी सांडपाणी, शेणपाणी किंवा धानाच्या बांधीतला युरिया भरपूर येतोय. प्रयोगशाळेत न जाता मिळणारी ही खूण आहे आणि मी तिच्यावर बराच भरवसा ठेवतो. पानं मोठी निघाली तर पुंजके काढणं हे अर्धंच काम झालं. गावची नाली तलावात सुटत असेल तर ती आधी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत वळवावी लागेल. पुण्याच्या पाषाण तलावात रामनदीवाटे सांडपाणी येत राहतं, म्हणून काढलेली जलपर्णी तिथे पुन:पुन्हा उगवते. मामा तलावाला एवढा भार नसतो. तुमची खरी जमेची बाजू तीच आहे.

‘उन्हाळ्यात आपोआप मरेल’ हे निम्मं खरं आहे. झाड मरतं, बी मरत नाही. गाळातलं बी पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. आणि ते उगवतं कुठे, तर पाणी मागे सरकून उघड्या पडलेल्या ओल्या चिखलात. मामा तलावाचं पाणी दर उन्हाळ्यात मागे सरकतंच, म्हणजे बियाला हवी तशी जागा दरवर्षी तयार होते. म्हणून मृगापासून आषाढ संपेपर्यंत चिखलाचा पट्टा पायी तपासा. कोवळी रोपं ओळखायला फसवी असतात. त्यांना फुगीर देठ नसतो, नुसती गवतासारखी अरुंद पानं असतात. एक रोप उपटून बाटलीत वाढवून बघा, तीन-चार आठवड्यांत गोल पान आलं की ओळख पटेल. नंतर गावातल्या पोरांना ते ओळखता येतं, आणि पोरांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते.

फवारणीबद्दल मी ठाम आहे: करू नका. औषधानं मेलेली जलपर्णी पाण्यातच बुडते, कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, आणि सकाळी मासे वर तोंड काढून मरताना दिसतात. कुजलेलं सगळं खत म्हणून तळाशी बसतं आणि बियातून येणारी पुढची पिढी त्यावर पोसली जाते. त्याच पाण्यावर तुमचं धान आहे, शिंगाडा आहे, जनावरं आहेत. पंचायतीत कुणी ग्लायफोसेटचं नाव काढलं तर हेही सांगा की केंद्र सरकारनं २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले. परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांखेरीज इतरांनी ते वापरायचं नाही.

गवत्याबद्दल संस्थेतल्या भावांना नीट समजावून सांगावं लागेल, कारण त्यांचा हेतू चांगला आहे. हा मासा पूर्व आशियातला, १९५९ मध्ये भारतात आणला गेला. तो पाणवनस्पती खातो हे खरं, पण त्याला मऊ, पाण्याखाली वाढणारी वनस्पती आवडते: हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया. जलपर्णी समोर असली तरी तो तिच्या वाटेला फारसा जात नाही. म्हणजे तुमच्या गावठी माशांना अंडी घालायला आणि लपायला लागणारं सगळं तो फस्त करेल, आणि तुम्हाला नको असलेलं तसंच ठेवील.

भुंग्यांचाही सल्ला कुणी देईल. निओकेटिना नावाचे दोन जातींचे भुंगे जलपर्णीच खातात. आपल्याकडे ते १९८० च्या दशकापासून सोडले गेले आहेत, आणि आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात त्यांनी मोठं काम केलं. जवळचं उदाहरण हवं असेल तर बैतूल जिल्ह्यात सारणीचा सातपुडा जलाशय आहे. तिथे साल्विनिया मोलेस्टा ही दुसरी परदेशी तरंगती वनस्पती माजली होती. लोक तिला चायनीज झालर म्हणत. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयानं सिर्टोबॅगस हा भुंगा सोडून ती आटोक्यात आणली. पण हे उपाय बारमाही पाण्याच्या, आधीच झाकून गेलेल्या जलाशयांसाठी आहेत. भुंग्यांची संख्या वाढायला दोन-चार वर्षं आणि सतत खाद्य लागतं. उन्हाळ्यात आटणाऱ्या तलावात, पाच पुंजक्यांवर, ते टिकायचे नाहीत.

ही आली कुठून, याचा शोध घेतल्याशिवाय मात्र काढण्याला अर्थ नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येतं. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात इकॉर्निया माजतो तो त्यावरच. तुमच्या संस्थेतलं कुणी वैनगंगेवर जाळं टाकायला जातं का? ओल्या जाळ्याच्या घडीत एखादं पिल्लू दोन-तीन दिवस सहज जिवंत राहतं. माझ्या पाहण्यात आलेल्या लहान तलावांपैकी बऱ्याच ठिकाणी पहिला पुंजका डोंगे लागतात त्या घाटाशीच होता. त्यामुळे नियम एकच करा, तोही लेखी, संस्थेच्या ठरावात: बाहेरच्या पाण्यावर गेलेलं जाळं झाडून, उन्हात दोन-तीन दिवस कडकडीत वाळवल्याशिवाय आपल्या तलावात उतरणार नाही. पाहुण्यांची जाळीसुद्धा. गाळ काढायला येणाऱ्या जेसीबीलाही हेच लागू. मागच्या तलावाचा चिखल बकेटला आणि चाकांना घेऊन ते येतं, म्हणून पाळीबाहेर धुवून मगच आत घ्या.

दुसरी वाट वरच्या तलावाची. आपल्याकडचे तलाव माळेसारखे आहेत, वरच्याचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्यात येतं. वरच्या गावी जाऊन एकदा बघून या, तिथे असेल तर दोन गावांनी मिळून काढावं लागेल. तोवर पाणी आत येतं त्या तोंडाशी बांबूचा तरंगता अडसर बांधा आणि त्याला वीतभर खोल जाळी लावा. दोन गोष्टी मात्र सांभाळा. हा अडसर सांडव्यावर कधीही बांधू नका. जाळीत गवत अडकलं, पाणी तुंबलं, तर पाळ फुटेल. आणि जाळी तळापर्यंत नेऊ नका, कारण पहिल्या पावसात मासे अंडी घालायला उलटे चढतात, त्यांची वाट खालून मोकळी राहायला हवी.

तिसरी वाट तुम्ही स्वतः पैसे देऊन उघडता, ती मत्स्यबीजाची. बाहेरून येणाऱ्या जिऱ्यांच्या आणि बोटुकलीच्या (माशांच्या लहान-मोठ्या पिल्लांच्या) पिशव्यांत काय काय येतं हे बहुतेक संस्था बघत नाहीत. पिशवीतलं पाणी सरळ तलावात ओतू नका. काठावर हापा (बारीक जाळीचा पिंजरा) लावा, बोटुकली त्यात सोडा, पाणी जमिनीवर ओता, आणि दोन दिवस हाप्यातले मासे बारकाईनं बघा. रोहू, कटला, मिरगल यांच्याशिवाय वेगळं काही दिसलं तर बाजूला काढा. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती आफ्रिकन मांगूरची, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे, तरी तो मिळतो. खादाड आहे, समोर येईल तो मासा खातो, हवेतून श्वास घेऊन चिखलातही जगतो. आपला गावठी मांगूर वेगळा, त्याला मारू नका. रूपचंद हाही दक्षिण अमेरिकेतला मासा. कुणाच्या शेततळ्यात असेल तर त्या शेततळ्याचं पाणी पुरात तलावाला मिळत नाही ना, एवढं बघा. टिलापिया १९५२ मध्ये देशात आला. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे तिला ना झाडोरा लागतो ना प्रवाह, आणि वर्षातून अनेकदा पिल्लं होतात. एकदा शिरला की हटवणं जवळजवळ अशक्य. आणि शाळेत जाऊन मुलांना सांगा की काचेच्या पेटीतला मासा, विशेषतः काच साफ करणारा तो काळा काटेरी सकर, दया म्हणून तलावात सोडायचा नाही. सकर काठात बिळं करतो आणि जाळ्यात अडकला की अंगावरच्या कडक खवल्यांनी जाळं फाडतो. उजनी धरणावरचे मच्छीमार हे सोसताहेत.

आता बेशरमकडे येतो. तुम्ही ती ‘कधीपासूनच आहे’ म्हणून सोडून दिली, पण माझ्या मते तुमच्या तलावाचं मोठं दुखणं तीच आहे. आयपोमिया कार्निया, हीसुद्धा अमेरिकेतूनच आलेली. कुंपणाला म्हणून लावली गेली, जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून टिकली, आणि उथळ पाण्यात काठापासून आत सरकत गेली. तिच्या दाट खोडांखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे तळाची झाडं मरतात. गाळ अडतो, तलाव त्या बाजूनं भरत जातो. शिवाय तरंगत आलेली जलपर्णी त्याच खोडांत अडकते आणि वाऱ्यापासून सुरक्षित राहते.

बेशरम छाटू नका. विळ्यानं तोडलेला प्रत्येक तुकडा चिखलात पडला की मूळ धरतो. एका झाडाची दहा होतात. चैत्र-वैशाखात पाणी हटल्यावर कुदळीनं मुळासकट उपटा, तुकडे गोळा करा, उंचावर वाळवा. रोजगार हमीतून हे काम घेता येईल का, हे ग्रामसेवकांना विचारा. एका उन्हाळ्यात सगळा तलाव साफ करण्याचा हट्ट धरू नका. तुमच्या गटाला दर वर्षी नीट राखता येईल एवढाच तुकडा घ्या. आणि तिची चुलत बहीण नाळ, जिची भाजी करतात, ती चुकून उपटू नका. फुलं सारखी दिसतात, पण नाळ पाण्यावर पसरते, तिचं देठ पोकळ असतं, ती आपली आहे.

साफ केलेला तुकडा उघडा राहिला तर पुढच्या पावसात बेशरम परत येतेच. हे मला उशिरा कळलं. बरीच वर्षं मी काढण्यावरच जोर देत राहिलो. भंडारा-गोंदियातल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या गटांनी, त्यातही बायकांनी, अर्जुनी मोरगाव तालुक्यात जे काम केलं ते पाहून माझी पद्धत बदलली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ त्यांच्याबरोबर होतं. त्यांनी बेशरम उपटलेली जमीन उन्हाळ्यात नांगरून मोकळी केली आणि पाऊस पडून पाणी भरू लागल्यावर तिथे तलावाच्या मूळच्या वनस्पती लावल्या. पाण्याखाली हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेरॅटोफायलम. पानं तरंगत ठेवणारी कुमुदिनी. काठाशी देवधान आणि लव्हाळ्यासारखं इलिओकॅरिस. भरलेल्या तळात परक्या झाडाला पाय रोवायला जागा कमी उरते, पाण्यातलं खत ही झाडं खातात, आणि मरळीसारख्या गावठी माशांना घरटं करायला आडोसा मिळतो. गाळ काढताना म्हणूनच सगळा तळ खरवडू देऊ नका. निदान एक बाजू कंदांसकट राखून ठेवा, तिथून बाकीचा तलाव भरतो.

कुठली वनस्पती कोणत्या खोलीवर होती हे तुमच्या गावातल्या साठीच्या पुढच्या ढिवर बायांना विचारा; त्यांची नावं पुस्तकातल्या नावांपेक्षा अचूक असतात, एकेका झाडाखाली कोणता मासा सापडायचा हेही त्या सांगतात. ते सगळं ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत लिहून घ्या. उद्या कुणी कंत्राट काढून तलाव खरवडायला आला तर तो कागद कामी येईल.

जलपर्णीच्या टोपल्या, पिशव्या करून विकण्याचा एक प्रस्ताव तुमच्या बचत गटाकडे कधी ना कधी येईल. जिथे तलाव आधीच गेलाय तिथे त्या बायांना मिळकत होते, त्याला माझा विरोध नाही. तुमच्याकडे मात्र नको. ज्यावर चूल पेटते ते कुणी मुळासकट काढत नाही.

लावणीसाठी रोपं आणाल तेव्हा ज्या तलावात जलपर्णी किंवा बेशरम अजिबात नाही असाच तलाव निवडा, आणि आधी भर उन्हाळ्यात एकदा जाऊन त्याचा चिखल बघून या. श्रावणात कंद आणि फांद्या काढल्यावर तिथल्या तिथे तीन वेळा स्वच्छ पाण्यात खळखळून धुवा, एकेक फांदी हातात घेऊन बघा, गोणपाट नवं वापरा. घरी आणल्यावर मोठ्या घमेल्यात आठ-दहा दिवस ठेवा. त्यात तरंगणारं काहीही उगवलं, अगदी मोहरीएवढं, तर ते घमेलं तलावाकडे नेऊ नका.